दहापैकी सहा

आई, मावशी मागच्या आठवड्यात येऊन गेली आणि जाताना एक गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात सांडून गेली. ती पुसून निघत नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे. तू गेलीस तेव्हा माझे लग्नही झाले नव्हते. म्हणजे मला ज्या गोष्टींविषयी बोलायचे आहे त्यांतली जवळजवळ एकही तुला ठाऊक नाही, आणि जी एक ठाऊक होती ती तू मला खरी सांगितली नाहीस. लिहिताना 'केलं' नाही, 'केले', हा तुझा नियम मी अजून पाळते. इंदुरात आता हा नियम पाळणारे माणूस शोधून सापडत नाही. आमच्या कॉलनीतल्या मराठी बायका 'मी तिला फोन लगावला' असे म्हणतात आणि त्यांच्या मुली तेवढेही म्हणत नाहीत. लोकांना दुरुस्त करणे मी सोडून दिले आहे. मनातल्या मनात मात्र करते.

तू गुण द्यायचीस. शाळेत मुलींना द्यायचीस ते वेगळे, ते तुझे कामच होते. पण घरी आल्यावरही तुझा हात थांबत नसे. रामबागेतल्या त्या दोन खोल्या, काळ्या कडप्प्याचा ओटा, आणि मी लाटलेली पोळी उजेडाकडे धरून पाहणारी तू. 'साडेपाच. कडा जाड आहेत.' माझ्या वेणीला सात, माझ्या बाराखडीला आठ, पाहुण्यांसमोर माझ्या बसण्याला चार. बाबांनी एकदा जेवताना गमतीने विचारले होते, 'आणि मला किती?' 'कशात?' 'नवरा म्हणून.' तू आमटी वाढता वाढता म्हणालीस, 'पेपर अजून चालू आहे.' बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दहा मात्र तू कुणालाच दिले नाहीस. दहा दिले की पुढे सांगायला काही उरत नाही, असे तुझे म्हणणे होते. बोर्डाच्या परीक्षेत मी जिल्ह्यात वर आले तेव्हा तू मला शाईचे पेन दिलेस, हिरव्या टोपणाचे, आणि पेन हातात ठेवताना म्हणालीस, 'नऊ. भूमितीतली एक आकृती तू दोनदा गिरवली होतीस.' मला वाईट वाटले नव्हते. नऊ तुझ्याकडून फारच थोड्यांना मिळाले असतील, आणि त्यांतली एक मी आहे याचा अभिमान मला आजही आहे. सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला आणि रडत घरी आले, तेव्हा तू हळद दाबताना म्हणाली होतीस, 'रडून गुण वाढत नाहीत.' तेही मी लक्षात ठेवले.

आणि वाढदिवसाची गोष्ट. तेल लावून न्हाऊ घालायचीस, पाटावर बसवून ओवाळायचीस, आणि लाडू हातावर ठेवण्याआधी माझ्या जन्माची गोष्ट सांगायचीस, दरवर्षी त्याच शब्दांत. मी पायाळू. दोन दिवस तू अडलेली. खोलीत साधा पंखा, तोही गरगरण्यापेक्षा कुरकुरणारा. 'आजूबाजूच्या बायका गुरांसारख्या हंबरत होत्या. मी तोंडातून शब्द काढला नाही. ओठ दातांखाली धरला आणि पडून राहिले.' मी विचारायचे, 'किती दुखलं?' तू म्हणायचीस, 'सहा.' 'दहापैकी?' 'मग काय शंभरापैकी?' मग लाडू. लहानपणी मला वाटे की जगातल्या सगळ्या मुलांना वाढदिवसाला हेच सांगतात: तू आलीस तेव्हा मला किती दुखले आणि मी ते कुणाला कळू दिले नाही.

माझी मुलगी ज्या नर्सिंग होममध्ये जन्मली तिथल्या प्रसूतीच्या खोलीत दोन खाटा होत्या, मध्ये हिरवा पडदा, आणि पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे यंत्र एकच. आत शिरताच मी त्या जागेला मनात साडेपाच दिले होते. पडद्याचे दोन हूक तुटलेले होते. अंगावरून पाणी सकाळीच गेले होते. नवरा सांवेर रोडवरच्या कारखान्यातून तसाच आला, बाह्यांना यंत्राच्या तेलाचा वास. कळा वाढाव्यात म्हणून सलाईनमधून औषध सुरू केले. कळा वाढल्या; गर्भाशयाचे तोंड उघडायला तयार नव्हते. तो सगळा दिवस तसा गेला आणि रात्रीविषयी मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडे सांवेरच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी आणून ठेवली. तिची सासू बरोबर होती. मुलगी आल्या क्षणापासून ओरडत होती, 'ओ म्हारी माय, मरी गी!' आणि सासू तिच्या कमरेला मालीश करत तिला उत्तेजन देत होती. 'चिल्ला लाड़ी, खूब चिल्ला. यां थारा सुसराजी थोड़ी बेठ्या हे!' थोड्या वेळाने तुटलेल्या हुकाच्या फटीतून सासूने माझ्याकडे डोकावले. घामेजलेली, तोंडात सुपारी. 'बेन, तू बी चिल्ला ले. पइसा तो पूरा लागेगा.' मी म्हटले, 'जी, मुझे आवश्यकता नहीं है.' ती पाहतच राहिली. मग पडदा सोडून सुनेला म्हणाली, 'सुणी? आवश्यकता! मास्टरनी हे.' आणि ती ओरडणारी मुलगीसुद्धा त्या कळेच्या मध्यावर हसली. मला त्या दोघींचा तिरस्कार वाटला होता. ते लिहायला हवे.

सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, 'मॅडम, दर्द कितना है? दस में से बताइए.' पहिल्यांदा मी चार म्हटले. ती हसली. 'चार में तो कोई यहाँ तक आता ही नहीं.' मी म्हटले, 'चार लिखिए.' मला ती उथळ वाटली. आकडा मागायचा आणि मिळालेल्या आकड्याला हसायचे, ही मोजणी नव्हे. मी चिंतन करून उत्तर देत होते, आई. माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासते तशी मी स्वतःला तपासत होते: याहून वाईट कळ येऊ शकते का? येऊ शकते. मग वर जागा ठेवायला हवी. दुपारी मी पाचवर आले. त्यानंतर एक कळ अशी आली की खोलीच्या भिंती मला दिसेनाशा झाल्या, आणि सिस्टरने विचारले, आणि मी सहा म्हटले. सहावर मी थांबले, कारण सहा हा तुझा आकडा होता. पायाळू मूल, कुरकुरणारा पंखा, आणि तरी सहा. मला थंड केलेली खोली होती, सलाईन होते, बाहेर शिकून आलेली डॉक्टर होती. मी कोणत्या तोंडाने सातवर जाणार होते?

मग सिस्टर म्हणाली, 'मॅडम, आप तो बढ़िया चल रही हो. मशीन थोड़ी देर उधर लगा दूँ? वो बहुत हल्ला कर रही है.' मी म्हटले, 'लगा दीजिए.' तिने माझ्या पोटावरचा पट्टा सोडला. तिच्या आवाजात कौतुक होते आणि मला ते आवडले. पडद्यापलीकडे धावपळ झाली, सासूचा आवाज चढत गेला, आणि मग एक मूल रडले, इतके स्वच्छ आणि संतापाने की मलासुद्धा क्षणभर बरे वाटले. 'छोरो हुयो!' असे ती बाई तीन-चारदा म्हणाली. पट्टा माझ्याकडे परत आला. सिस्टरने तो बांधला, सरकवला, पुन्हा सरकवला, यंत्रावर एक चापट मारली. यंत्र बिघडले आहे असे आम्हा दोघींनाही वाटले. मग तिने मला मॅडम म्हणणे सोडले. 'दीदी, करवट लो. जल्दी करवट लो.' तिने दारातून डॉक्टरला हाक मारली. नवरा तेव्हा खाली रक्ताची बाटली मिळवण्याच्या धावपळीत होता. तो वर आला तोवर मला आत नेले होते. कमरेतून इंजेक्शन दिले, डोळ्यांपुढे हिरवे कापड धरले. पोटावर ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हते. मी रडण्याची वाट पाहत होते. कापडापलीकडे कुणीतरी 'सक्शन, सक्शन' म्हणत होते. नंतर तेही थांबले आणि फक्त पावले ऐकू आली, दाराकडे जाणारी. माझी मुलगी रडली नाही.

ती आता तिसरीत असती. मान अजून पुरती धरत नाही, बोलत नाही. झटके येतात, औषधाने कमी होतात, पुन्हा येतात. तिला माझा आवाज कळतो असे माझा नवरा म्हणतो. मी तितके ठामपणे म्हणणार नाही. तो कारखान्यातून येतो, हात कोपरापर्यंत धुतो आणि तिला मांडीवर घेऊन दिवसभरातल्या यंत्रांच्या तक्रारी तिला सांगतो. ती छताकडे पाहते. तो चांगला माणूस आहे. तू त्याला सात दिले असतेस आणि त्याच्या मराठीसाठी एक कापला असतास.

मी सिमरोलच्या रस्त्यावरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात धातू का तुटतात हे शिकवते. तुटलेल्या दांड्याचे तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरले की तडा कुठून निघाला, किती काळ मुंगीच्या पावलाने सरकत राहिला आणि शेवटी कुठे एका झटक्यात गेला, हे नदीकाठच्या वाळूवरच्या रेषांसारखे वाचता येते. मुले प्रथम विश्वास ठेवत नाहीत, मग थक्क होतात. माझ्या मुलीच्या बाबतीत मी मेंदूच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला होता: तडा कुठून सुरू झाला? ते म्हणाले, 'मॅडम, हो सकता है लेबर में हुआ हो, हो सकता है पहले से हो. हर केस में पता नहीं चलता.' मी त्यांना अडाणी ठरवून डॉक्टर बदलला. दुसऱ्याने तेच सांगितले. तिसऱ्यानेही, अधिक वाईट हिंदीत. तेव्हा पट्टा सोडला नसता तर काय झाले असते हे मला कधीच कळणार नाही. मी सात म्हटले असते, आठ म्हटले असते, तर सिस्टरने पट्टा काढला असता का, हेही नाही. मी कारणे शोधून पोट भरते आणि हे एक कारण कोणत्याही भिंगाखाली येत नाही. वर्षानुवर्षे मी स्वतःला एवढेच सांगत आले की मी तुझ्यासारखी वागले. ते उत्तर नव्हते, पण त्याला टेकून बसता येत होते.

मागच्या आठवड्यात मुलीचा वाढदिवस होता. मावशी उज्जैनहून आली, शेवेचा पुडा आणि मुलीसाठी मऊ सुती झबले घेऊन. आम्ही मुलीला तिच्या कललेल्या खुर्चीत बसवले, मी ओवाळले, आणि दरवर्षी सांगते तशी तिला गोष्ट सांगितली. तिला समजते का ठाऊक नाही. पण आपल्या घरची पद्धत आहे. 'तुझी आजी ओरडली नाही, आणि तुझी आई ओरडली नाही,' असा तिचा शेवट आहे. मावशीच्या तोंडात लाडू होता. ती म्हणाली, 'कोण ओरडली नव्हती? ताई?'

'हो.'

'अगं, क्या बात करतेस! पूरा दवाखाना डोक्यावर घेतला होता तिने. मी बाहेर बाकावर बसली होती ना, थर्मास घेऊन. माझा चहा सांडला दचकून.'

'मावशी, आई नेहमी सांगायची की—'

'सांगायची, सांगायची. नर्सचा हात चावला होता, ते सांगितलं का कधी? ती बिचारी हात झटकत बाहेर आली, म्हणते, ये मास्टरनी है कि शेरनी? आणि तुझ्या बाबांना अशा शिव्या घातल्या, बाप रे. आणि त्याही हिंदीत!'

'हिंदीत?'

'मग काय मराठीत घालणार? मराठीत तिला येत कुठे होत्या!'

माझा नवरा दारात उभा होता, तो खळखळून हसला. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, 'बाहेर आणलं ना तिला, तेव्हा मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी मागते. तर म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं, हं. इतके साल नाही सांगितलं. अब तर ती नाहीये, आता काय त्याचं.' मग तिने माझ्याकडे पाहिले. 'ए, काय झालं तुला? हसायची बात आहे गं.' मी म्हटले, 'काही नाही, निरांजनाचा धूर गेला डोळ्यांत.' निरांजन केव्हाच विझले होते. तिला माझ्या सहाविषयी ठाऊक नाही. कुणालाच नाही. सिस्टरने लिहिले असेल, आणि ती हे केव्हाच विसरली असेल.

मला तुझा राग यायला हवा होता. मी तो आणायचा प्रयत्न करते आणि दर वेळी तू त्या खाटेवर दिसतेस, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, केस सुटलेले, नर्सचा हात दातांत, हिंदीत शिव्या देत. ती बाई मला कधी भेटलीच नाही. मला ओट्यापाशी पोळी उजेडाकडे धरणारी भेटली. दोघींपैकी निवडायला मिळाले असते तर मी शिव्या देणारी घेतली असती. ती माझ्या पडद्याशी उभी राहून माझी कंबर चोळत म्हणाली असती, ओरड. आपल्या घरात खरोखर न ओरडलेल्या दोघीच निघाल्या, आई. मी आणि माझी मुलगी. एकाच दिवशी.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मुलीचा डावा खुबा सांध्यातून सरकत चालला आहे. लंगोट बदलताना पाय उचलला की ती ओरडते. बोलत नसली तरी ओरडायला ती शिकली आहे, आमच्यापैकी कुणी न शिकवता. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की हाड कापून बसवता येईल, पण तिच्या छातीच्या दृष्टीने भूल देणे धोक्याचे आहे. चालण्याचा प्रश्न दोन्हीकडे नाही; ती चालणार नाही. प्रश्न फक्त दुखण्याचा. फार दुखत असेल तर धोका पत्करायचा, नसेल तर थांबायचे. त्यांच्या टेबलावर चेहऱ्यांचा तक्ता आहे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, खाली आकडे. 'ये तो बोलेगी नहीं. माँ ही बताएगी,' असे ते म्हणाले. मागच्या महिन्यात त्यांनी विचारले होते, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून, तोलून, वर जागा ठेवून म्हटले, 'सहा.' ते म्हणाले, 'तो अभी रुकते हैं.' त्या संध्याकाळी लंगोट बदलताना ती इतकी ओरडली की नवऱ्याने खोलीतून बाहेर जाऊन नळ सोडला.

सोमवारी पुन्हा जायचे आहे. नवऱ्याला मी म्हटले, या वेळी आकडा तू सांग. तो म्हणाला, 'मी दिवसभर घरी कुठे असतो? तुलाच माहीत.' खरे आहे. तो मला हेही म्हणाला, 'तू इतकी काटेकोर आहेस, तू चुकणार नाहीस.' काल महाविद्यालयातून परत येताना घाट उतरल्यावर मी गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या आणि मोठ्याने म्हणून पाहिले. सात म्हणता आले. आठ म्हणता आले, दुसऱ्या प्रयत्नात. त्यापुढे तोंड उघडते आणि तसेच राहते. शेजारून सोयाबीनने भरलेली ट्रॉली गेली, तिच्यावर बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिले, आणि मी फोनवर बोलत असल्यासारखे केले. सोमवारी मी किती सांगेन, मला ठाऊक नाही. दहा सांगितले आणि ती भुलेतून उठली नाही, तर? आठ सांगितले आणि त्यांनी पुन्हा थांबायचे ठरवले, तर? हिशेब कुठल्याही बाजूने मांडला तरी खाली तीच उरते, खुर्चीत कललेली.

हे पत्र जायचे कुठेच नाही. हिरव्या टोपणाच्या पेनात शाई वाळली आहे, म्हणून साध्या पेनाने लिहिले. ते तू पहिल्या ओळीला ओळखले असतेस. दुसरा परिच्छेद लांबला आहे, त्याचा एक गुण जाईल. मी हे घडी करून मुलीच्या झबल्यांखाली ठेवीन, तिथे कुणी पाहत नाही. फक्त एक राहिले. त्या खोलीत सिस्टरला, नंतर नवऱ्याला, तीन डॉक्टरांना, कुणालाच मी सांगितले नाही, आणि तू जिवंत असतीस तर तुलाही सांगितले नसते.

ते सहा नव्हते, आई.